तीन मिनिटांची बेल

"काका, पाणी ठेवा सगळ्यांपुढे. आणि मागे सांगा, मोबाइल बंद," अध्यक्षांनी खुर्चीत टेकता टेकता फर्मावलं.

बेलकाकांनी शाळा मंडळाच्या प्रत्येक सभासदापुढे एकेक बाटली ठेवली, मागच्या बाकांवरच्या पालकांना मोबाइलचं सांगितलं आणि टेबलाच्या टोकाला आपल्या जागेवर येऊन बसले. समोर पितळी बेल आणि घड्याळ. मागच्या बाकावर, भिंतीच्या कडेला त्यांची मुलगी बसली होती. इतर पालकांकडे पाहिलं तितकंच त्यांनी तिच्याकडे पाहिलं.

बेलकाका हे काही त्यांचं नाव नव्हे. ते मंडळाचे कारकून. पण सभेत लोकांना बोलायला जी तीन मिनिटं मिळतात, ती मोजायचं काम इतकी वर्षं त्यांच्याकडे होतं, की खरं नाव पगारापुरतं उरलं होतं. माणूस बोलायला उभा राहिला की घड्याळ सुरू, वेळ संपली की बेल. मग समोर बडी असामी असो की रस्ता झाडणारी बाई. या एका गोष्टीचा त्यांना अभिमान होता. एरवी अभिमान बाळगावा असं फारसं काही नोकरीत त्यांच्या वाट्याला आलं नव्हतं.

अध्यक्षांची एक खोड होती. अडचणीचं बोलणारं कुणी उभं राहिलं की ते पुढे झुकून प्रेमाने चौकशी करायचे. कुठून आलात, मुलं कितवीत आहेत, येताना त्रास नाही ना झाला. माणूस भारावून उत्तरं द्यायचा आणि मुद्द्याला हात घालायच्या आत बेल वाजायची. कार्यालयात हे सगळ्यांना ठाऊक होतं. चहाच्या वेळी त्यावर हसणंही व्हायचं, आणि त्या हसण्यात काकाही असायचे. अध्यक्ष बोलत असताना घड्याळ थांबवावं, असं नियमात कुठे लिहिलेलं नव्हतं.

म्हणून तर सकाळीच त्यांनी मुलीला बजावलं होतं.

"ते काहीबाही विचारतील. उत्तर द्यायचं नाही. आधी आपलं बोलून घ्यायचं."

"मोठ्या माणसानं विचारल्यावर गप्प बसायचं? बरं दिसतं का ते, बाबा?"

"नाही दिसलं तर नाही दिसलं."

"तुम्हीच शिकवलंत की."

काका मग उगाच चष्मा पुसत बसले.

मागणी तशी साधी होती. त्यांच्या नातीच्या पायांत जन्मापासून बळ नाही, ती चाकांच्या खुर्चीत असते. शाळेचं स्वच्छतागृह अंगणापलीकडे, पायऱ्या चढून, आणि दार इतकं अरुंद की खुर्ची आत जात नाही. एक उतार आणि एक रुंद दार, एवढंच हवं होतं. गेल्या वर्षी ते मंडळाच्या कामांच्या यादीत धरलं होतं. यंदा त्याच्या जागी सभागृहासाठी गादीच्या खुर्च्या आणि रंगमंचाचा नवा पडदा आला. मुलगी दुकानात कामाला, तिला दुपारी शाळेत धावत येणं जमायचं नाही. तेव्हा नातीने आपल्यापुरता मार्ग काढला. ती शाळेत पाणीच प्यायची नाही. सकाळी भरून दिलेली बाटली संध्याकाळी तशीच परत यायची. डॉक्टरांनी मूत्रपिंडाचं नाव काढलं तेव्हा मुलगी म्हणाली, आता मी बोलणार. ती बाटली आज तिने बरोबर आणली होती.

तिला पुकारलं. ती पुढे आली, बाटली टेबलावर ठेवली. काकांनी घड्याळ सुरू केलं.

"नमस्कार. माझी मुलगी चौथीत आहे. ही तिची..."

"थांबा थांबा," अध्यक्ष हसले. "तुम्ही आमच्या बेलकाकांची मुलगी ना? अहो, मग आधी नाही का सांगायचं?"

तिने वडिलांकडे पाहिलं. "हो."

"ऐका हो सगळ्यांनी. या माणसानं आयुष्यात कुणासाठी एक मिनिट इकडचं तिकडे केलं नाही. माझ्या सख्ख्या भावाला यांनी बेल वाजवून खाली बसवलंय. मी म्हटलं, वा. अशी माणसं आहेत म्हणून हे मंडळ उभं आहे."

सभासदांनी माना डोलावल्या. कुणीतरी टाळ्या वाजवल्या, मग मागच्या पालकांनीही वाजवल्या. अध्यक्ष आणखी एका आठवणीकडे वळले, तिथून तिसरीकडे. मुलगी हात जोडून उभी होती. वडिलांचं कौतुक चाललेलं असताना मध्ये तोंड घालणं तिला जमेना. अगं, बोल, असं काकांना सांगायचं होतं. पण ते काट्याकडे बघत राहिले.

"हां, बोला ताई, काय म्हणत होतात?"

"ही तिची पाण्याची बाटली. ती शाळेत..."

वेळ संपली. काकांचा हात उठला. इतक्या वर्षांत तो कधी त्यांना विचारून उठला नव्हता, आजही त्याने विचारलं नाही. बेल वाजली.

"बघा," अध्यक्ष म्हणाले. "पोटच्या पोरीलाही सूट नाही."

सगळे हसले. मुलगी धन्यवाद म्हणून जागेवर जाऊन बसली.

"सभागृहाच्या खुर्च्या आणि पडदा. कुणाची हरकत?" अध्यक्षांनी कागदावरून नजर न उचलता विचारलं. "नाही. मंजूर."

आता आपल्याला काहीतरी होईल, असं काकांना वाटलं. छातीत दुखेल, डोळे तरी भरून येतील. काहीच झालं नाही. त्यांनी पुढच्या माणसाला पुकारलं, त्याचीही वेळ मोजली.

सभा उठली. काकांनी नेहमीप्रमाणे बाटल्या गोळा केल्या आणि उरलेलं पाणी बेसिनमध्ये ओतायला घेतलं. कुणी अर्धी प्यायलेली, कुणी दोन घोट घेऊन सोडलेली. शेवटी हातात आली ती काठोकाठ भरलेली, झाकणावर फुलपाखरू चिकटवलेलं.

मुलगी दारात उभी होती. "चला बाबा. पोरीला शेजारी ठेवलंय."

"रागावलीस?"

"नाही. तुम्ही वेळेवरच वाजवलीत." तिच्या आवाजात खरंच राग नव्हता. असता तर काकांना सोपं गेलं असतं.

"हिची बाटली..."

"ओतून टाका. सकाळचंच पाणी आहे."

काकांनी झाकण उघडलं, बाटली बेसिनवर धरली. थोडा वेळ तशीच धरून ठेवली. मग झाकण घट्ट लावलं, दिवे मालवले आणि ते तिच्या मागोमाग पायऱ्या उतरले.

बाटली रोजच्यासारखी भरलेलीच घरी आली.