गडग्यापलीकडची हाक

“सुमन, लागली गो! धावत ये!”

शेवंतीकाकीची ही हाक पावस गावच्या सांजवेळेत शिरली, की माडांच्या झावळ्या दचकत, तयार नारळ देठाशी फारसा विचारविनिमय न करता खाली येत, आणि खाडीतली एखादी होडी आपल्यालाच बोलावलं समजून तोंड फिरवी. नारळाचं मी स्वतः पाहिलंय; होडीचं जरा ऐकीव आहे. काकी म्हणजे फाल्गुनातला खारा वारा: मोहोर झाडील, दारं आपटील, पण एका जागी ठरेल तर शपथ.

सुमन तिची धाकटी जाऊ. दोघींच्या नारळीच्या आगरांमध्ये जांभ्या दगडाचा गडगा, म्हणजे कुंपणाची भिंत, आणि तो कुणी कुणाकडे सरकवला यावरून बोलणं बंद. मालिकेची वेळ तेवढी या वैरातून वगळलेली. टीव्हीचा निळा उजेड पडवीत सांडला, की सुमन गडग्याच्या खिंडारातून येई आणि जाहिरात लागेपर्यंत मुकी बसे. मग साबण-तेलांच्या त्या कोलाहलात दोघी पडद्यावरच्या सासूचा यथेच्छ उद्धार करत, आणि तिच्याच आडून एकमेकींच्या गुडघ्यांची, लेकरांची, कलमांच्या मोहोराची विचारपूस उरकून घेत. माया जाहिरातीएवढी आखूड, पण रोजची.

यंदा काकीचा मुलगा जहाजावरून रजेवर आला आणि नवा टीव्ही लावून गेला. आता मालिका हवी तेव्हा बघा. वेळ गेली, जाहिराती गेल्या. सुमनच्या मोबाइलवरही तेच. काकी मात्र जुन्याच वेळी हाक घालते, नायिकेला उंबरठ्यावर अर्ध्या पावलात थिजवून ठेवते, आणि स्वतः पडवीतून अंगणातल्या खळ्यात, खळ्यातून पडवीत येरझारा घालते. रिमोट पदराला पुसते. केरसुणी उचलते, तशीच ठेवते. जांभ्यावरचा तांबूस प्रकाश विझत जातो. अवघं विश्व तिच्या अंगठ्याखाली निश्चल, आणि ती एकटी भिरभिरती.

काल मी काकीच्या पडवीतच होतो. पहिली हाक गडग्यावर आपटून परत आली. दुसरी तिने अर्धी गिळूनच घातली, “तुझ्यासाठी थांबवून ठेवलंय गो.” मला वाटलं, काळ असा मुठीत धरता येतो खरा, पण धरलेल्या काळात शेजारी बसायला माणूस कुठून आणायचं? पलीकडे भांडं वाजलं. मग सुमनचा आवाज आला, सपाट, धुतलेल्या पाट्यासारखा.

“मी दुपारीच बघितलं, वैनी.”