आप्पांची वट

"टेल मी अबाउट युअरसेल्फ म्हणे! दोन पानं लिहून पाठवलीत, ती वाचायला काय होतं ह्यांना?"

मोरीच्या पत्र्याच्या दाराआडून अक्षदाचं हे चाललं होतं. मी दाराशीच कपडे पिळत होते, त्यामुळं ऐकायचं नाही म्हटलं तरी ऐकू येत होतं. मग पाण्याचा एक तांब्या ओतल्याचा आवाज, आणि लगेच इंग्रजी सुरू. नाव, गाव न्हावरे, बीएस्सी केमिस्ट्री, फर्स्ट क्लास. आमची लेक अंगावर पाणी घेता घेता मुलाखत देते, कारण घरात तेवढ्याच जागी तिला कोणी टोकत नाही.

दुसऱ्या दिवशी, सोमवारी, तिची पाचवी मुलाखत होती. शिक्रापूरजवळची कंपनी, क्वालिटी लॅबमधली जागा. आधीच्या चारही ठिकाणी साहेबांनी तोंडावर 'व्हेरी गुड' म्हटलं होतं, एकानं तर कधीपासून येता हेही विचारलं होतं. पुढं फोन नाही. तिच्यापेक्षा कमी मार्कांची तिची मैत्रीण अंकिता पहिल्याच खेपेला लागली. ती रोज कंपनीच्या बससाठी आमच्या दारावरूनच जाते, आणि बरोबर त्याच वेळेला अक्षदाला घरात काहीतरी काम निघतं. "हेपण गेलं तर मी अर्जच करणार नाही, आई," असं तिनं मला सांगून ठेवलं होतं.

नकार आला की आम्ही काहीतरी बदलायचो. आधी फोटो बदलला, मग बायोडाट्याची अक्षरं. शिरूरला इंग्रजी बोलायचा क्लास लावला. तिच्या म्हाळसाआत्यानं तर उपास धरला. अक्षदा फोनवर प्रश्नोत्तरं लावायची नि मी शेजारी भाकरी थापायची, त्यामुळं आपली कमजोरी काय, हे आता मलाही इंग्रजीत सांगता येतं. 'आय वर्क टू मच.' पोरगी ते पाठ करून सांगते. मी खरं सांगते.

आता तिच्या वडिलांचं. सोपानराव, पण घरात नि गावात सगळे आप्पाच म्हणतात. सात वर्षांपूर्वी एका कंपनीनं गावातली पाच पोरं कामावरून काढली, तेव्हा आप्पांनी माणसं जमवून गेटला कुलूप ठोकलं. दोन दिवस आतला बाहेर नाही नि बाहेरचा आत नाही. मॅनेजरची कॉलर धरली, तो व्हिडिओ सगळ्यांच्या फोनवर फिरला. पोरं काही परत लागली नाहीत. आप्पांना मात्र त्या कंपनीला पाण्याचे टँकर पुरवायचा ठेका मिळाला. तेव्हापासून त्यांचा समज, की एमआयडीसीत आपली वट आहे. समज तसा खोटा नाही. त्यांना तिथं सगळेच ओळखतात. एचआरवाल्यांचा म्हणे एक व्हॉट्सॲप ग्रुप असतो. अंकिता एकदा बोलून गेली आणि तिनं जीभ चावली.

म्हणून मुलाखतीला ते लेकीला स्वतः सोडतात. कडक पांढरे कपडे, पिकअपच्या काचेवर हे एवढं मोठं 'आप्पा'. सोडून गप येतील तर ते आप्पा कसले? आत जाऊन साहेबाला सांगतात, "पोरगी माझी हाय. लक्ष असू द्या." आणि घरी आल्यावर मला, "काम झालंच समज. साहेब उठून हुबा ऱ्हायला!"

उभा राहणारच. पण लेकीसाठी चार-चार तास उन्हात गेटबाहेर ताटकळणारा माणूस. त्याला हे कोणत्या तोंडानं सांगायचं? मी सांगितलं नाही.

रविवारी दुपारी माझा भाऊ संपत दौंडवरून मोटारसायकलवर आला. त्यानं उद्या न्यायचा बायोडाटा खालीवर बघितला आणि म्हणाला, "अक्षे, पत्ता माझा टाक. दौंडचा."

"का वं?" आप्पांनी विचारलं.

"असंच, दाजी. दौंड कसं... रेल्वेला हाय."

"कंपनी काय रेल्वेत हाय व्हय? शिक्रापूर हितनं जवळ का दौंडातनं?"

"जवळ हितनंच."

"मंग? उलट गावाचं नाव ठळक करा. वाचल्याबरूबर कळलं पायजे, कुणाची हाय ते."

संपतनं चहात बुडवलेलं बिस्कीट तुटून तळाला गेलं, तरी तो कपातच बघत बसला. मी कोथिंबीर निवडता निवडता म्हटलं, "उद्या एसटीनं जाऊ दे की तिला. सवय व्हईल."

"एसटीनं? आन् मी मेलोय का?"

विषय तिथंच संपला. आप्पांनी प्लास्टिकची खुर्ची ओढली, चष्मा लावला, फाईल मांडीवर घेतली. "बस म्होरं. मी साहेब."

"आप्पा, राहू द्या ना."

"सायबाला आप्पा म्हंती! बस."

अक्षदा समोर बसली. पाठ ताठ, हात मांडीवर, क्लासात शिकवल्यासारखी. "गुड आफ्टरनून, सर."

"पगार किती पायजे?"

"कंपनीच्या नियमाप्रमाणं, सर."

"ह्यॅ! नियम गेला खड्ड्यात. वाढवून सांग." संपत हसला, मीही हसले. आप्पा रंगात आले. फाईलीचं एक पान उलटून त्यांनी चष्म्यावरून बघितलं. "चार जागी मुलाखती दिल्या म्हंता. मंग घेतलं का न्हाई कुणी? खोट काय हाय तुमच्यात?"

"दाजी, असलं विचारत नसत्यात," संपत घाईनं म्हणाला.

"का न्हाई? मी सायब असतो तर पयला ह्योच इचारला असता. बोला, म्याडम."

अक्षदानं माझ्याकडं बघितलं. मी कोथिंबिरीकडं बघितलं. आणि मग तिचा आवाज आला, मोरीतल्यासारखा स्वच्छ, कुठं न अडखळता.

"सर, खोट माझ्यात नाही. मी सोपानरावांची मुलगी आहे, म्हणून मला कोणी घेत नाही."