पोलिसांच्या आवारातलं पाणी

मी पाणी शुद्ध करणारं यंत्र बोलतोय. पण माझ्या सांगण्यावर कितपत विसंबावं, हे मलाच कळत नाही. पंप गंजलाय, गाळण्या कुजल्यात. आठवणीतही गाळ साचला नसेल कशावरून?

आंजुआन बेटावरच्या बायकांनी लग्नाच्या जेवणावळींसाठी साठवलेले पैसे घालून मला मोंबासाहून आणवलं, एवढं नक्की. पलीकडच्या मायोत बेटावर वादळाने घरांवर पत्रा ठेवला नव्हता. तिथे त्यांच्याच बहिणी, भाच्या राहत. राज्य मात्र सातासमुद्रापलीकडच्या देशाचं.

मायोतच्या धक्क्यावर त्या देशाचा साहेब मला पाहून म्हणाला, “आमच्या मुलखाला शेजाऱ्यांची भीक?” मग त्याने बायकांनी माझ्यावर रंगवलेलं आपल्या बेटाचं नाव खरवडायला लावलं, तिथे आपला झेंडा चिकटवला, माझ्याशेजारी उभं राहून फोटो काढला आणि मला टेकडीवरच्या पोलीस ठाण्याच्या आवारात बसवलं.

खाली उतारावर मोडक्या झोपड्या. तिथली बरीच माणसं आंजुआनहून होडीने आलेली, कागदपत्रांशिवाय. पोलिसांना दिसली की परत होडीत. ती कशाला येतात ठाण्यात पाणी भरायला? मी दिवसभर घरघरत राहायचो. नळापाशी कोणी नाही.

यायची ती मोइनाशा. तिच्याकडे कागद होते. धाकट्या बहिणीकडे, एशातीकडे, नव्हते.

“कालच नेलंस की, ताई,” बाकार शिपाई म्हणाला. तो इथलाच. “घरात हत्ती पाळलायस का?”

“पाळला असता तर आधी तुझ्या साहेबावर सोडला असता. भर गुमान. एशातीच्या नाजीमला जुलाब थांबत नाहीत. तो डबा शेजारच्यांतच संपला.”

“मग बहिणीलाच पाठव.”

“पाठवते. पाणी देशील, की होडीत बसवशील?”

बाकारने मान खाली घातली. “साहेब बघतोय गं. एका कार्डावर एकच डबा. दुसरा बाजूला ठेव.”

“तुझ्या पोराला झालं असतं तर?”

त्याने एकच डबा नळाखाली सरकवला. ती एक डबा डोक्यावर आणि एक रिकामा हातात घेऊन उतरली.

माझी टाकी भरलेलीच राहिली. त्या संध्याकाळी, आणि पुढे रोज, साहेबाने त्या पाण्याने जीप धुवून घेतली. चाकांचा चिखल, तेल, साबण, सगळं कुंपणाखालच्या गटारातून उताराकडे गेलं. मी मेलेले बेडूक गाळलेत, सडलेला पाला गाळलाय. अशी शिसारी कधी आली नव्हती.

आठवडाभराने त्याने वर कळवलं की लोकांना पाण्याची गरज दिसत नाही. मला बंद करून गोदामात ढकललं.

तिथे वर्षं गेली. नाजीम वाचला असेल, एक डबाही पुरला असेल, असं मी स्वतःला समजावत राहिलो. गाळायची सवय असलेल्यांना अशी समजूत चांगली जमते.

परवा भंगारवाला मला न्यायला आला. मला वितळवा, खुशाल वितळवा. पण पुन्हा कुठल्या ठाण्यात बसवू नका.

गोदाम झाडायला आता मोइनाशाच येते. भंगारवाल्याने तिला विचारलं, “हे चालायचं का कधी?”

“चालायचं की,” ती म्हणाली. “आमचा नाजीम याच्याच पाण्याने गेला. माझा डबा संपला की एशाती ठाण्याच्या गटाराला बादली लावायची. तिथे कोणी कागद विचारत नव्हतं. फेस बसला की पाणी अगदी स्वच्छ दिसायचं, म्हणायची.”