दमबाबाचे दोन बांबू

ब्रह्मपुरीजवळच्या त्या गावात दमबाबाने रिकाम्या धानबांधीत, म्हणजे भातखाचरात, मंडप टाकला, आणि पोलीस भरतीची पोरं रांग लावून मार खाऊ लागली. हो, मारच! पोटरीत थकव्याचं भूत बसतं, बांबूने झोडलं की पळतं, मग सराव कशाला, असं बाबाचं शास्त्र. आधी झाडू नावाचा त्याचा चेला तीस फटके खाई. फाड् फाड् आवाज घुमे, बाया डोळे झाकत, आणि झाडू हसत उठून गावाला चक्कर मारून येई. लोक हात जोडत.

डिंपलने जोडले नव्हते. तीही भरतीचीच, पण शाळेतल्या कुंता मॅडमने आखून दिलेला वीस मिनिटांचा सराव करणारी. अंग मोकळं करायचं, मग मिनिटभर जीव खाऊन धावायचं, दोन मिनिटं चालायचं, असं सहा वेळा.

"वीस मिन्टात पोलीस होते काय वं?" म्हणून तिचा बाप मनसारामच हसे.

आज तिच्या भावाची, विक्कीची पाळी होती. मैदानी चाचणी आठ दिवसांवर आलेली. मनसारामने स्वतः पोराचे पाय धरले. पाचव्या फटक्याला कातडी फुटून रक्त आलं.

"बाबाजी, बस करा! पोरगा मरून राह्यला!" मनसाराम ओरडला.

"पाप जास्त हाये त्याचं, म्हणून दुखते. हलू देऊ नको त्याले!" बाबा गरजला.

कोंबडीवरही हात न उगारणारा मनसाराम पाय आणखी दाबून बसला. विक्की तळमळून वळला, पुढचा फटका नडगीवर बसला आणि हाड मोडलं.

डिंपल मात्र आवाजावर अडली होती. झाडूला मारताना फाड् फाड्, विक्कीला थड् थड्. धानावरची पाखरं हाकलायला सारा गाव चिरलेला बांबू वाजवतो. आवाज मोठा, मार नाही. तोच आवाज बाबाच्या हातून आला, तर कुणालाच ओळखू येऊ नये!

ती मंडपात घुसली. बाबाच्या आसनामागून दुसरा, मधोमध चिरलेला बांबू ओढून तिने स्वतःच्याच पोटरीवर हाणला. फाड्! "पाहा, लागत नाई." मग बाबाच्या हातातला भरीव बांबू हिसकून झाडूच्या पोटरीवर घातला.

"माय वं! मेलो!" झाडू आडवा झाला.

"काऊन गा? तुहं भूत तं कवाच पळालं होतं ना? मंग धावत कसा होतास?"

"रोज सकाळी नदीवर सराव करतो जी! बाबाच घड्याळ लावते, वीस मिन्टं!"

मंडपातली माणसं उठली. मग जोडलेले हात उगारले गेले. बाबाचं नाक फुटलं.

"थांबा!" डिंपल ओरडली. "मारानं काई होत असतं तं विक्की आज उभा राह्यला असता. पोलिसाले फोन लावा."

विक्कीची भरती हुकली. थकवा भूत असता तर काठीला भ्याला असता. तो शरीराचा हिशेब आहे, रोज थोडा, नेमाने आणि विचाराने फेडायचा. म्हणून लोकहो, काठी उचलणाऱ्याला आधी 'काठी दाखव' म्हणा.

आता डिंपल धावते तेव्हा मनसाराम बांधावर मोबाइल धरून सेकंद मोजतो. पहिल्या दिवशी आकडा चुकला, तसा त्याने मोबाइल खाली ठेवला.

"मीच पाय धरले होते वं पोरी," तो म्हणाला.

"आता घड्याळ धर, बा," ती म्हणाली आणि पुन्हा धावली.