कांताचे उपास

रविवारी सकाळी कांता अंगणात जवळा वाळत घालत होती, तेव्हा शेजारची दगडाबाई सुनेला, शेवंतीला, घेऊन आली. येण्याचं कारण कांताला विचारावं लागलं नाही. ठाण्याच्या खाडीकाठच्या त्या कोळीवाड्यात वर्षभर हेच चाललं होतं. ज्या घरात पाळणा हलला नसेल, त्या घरची सून कांताच्या दारात यायची. कांताची दीड वर्षांची रतन तिच्या मांडीवर द्यायची, तिची ओटी भरायची, आणि मग कांताच्या सासूने, आवडाबाईने, तिला उपास नेमून द्यायचे. मंगळवार, शुक्रवार आणि वर एका बुवाचा अंगारा. "आमच्या कांताची बंद कूस या उपासांनी उघडली," असं आवडाबाई मासळीबाजारात गिऱ्हाइकांनासुद्धा सांगत असे.

कांताच्या कुशीला काही एक झालेलं नव्हतं. दोष होता तो तिच्या नवऱ्यात, पोपटमध्ये. लहानपणी त्याचं हर्नियाचं ऑपरेशन झालं होतं, त्यात दोन्ही बाजूंच्या नळ्या बंद होऊन बसल्या. शुक्रजंतू आत तयार होत, बाहेर येत नसत. माजिवड्याच्या डॉक्टरीणबाईंनी हे शोधून काढलं, पण केव्हा? कांताची पिशवी दोनदा धुऊन झाल्यावर. तिला दोनदा टेबलावर निजवलं तेव्हा घरात कुणाचा घास अडला नाही. मुलाच्या अंगाला सुई लागणार म्हटल्यावर मात्र आवडाबाईने अन्न सोडलं. शेवटी कांताच्या हट्टापुढे पोपट नमला. मुंबईच्या एका दवाखान्यात त्याला भूल देऊन बारीक सुईने वृषणातून शुक्रजंतू काढले, कांताच्या बीजात ते एकेक करून सोडले, आणि तयार झालेला गर्भ तिच्या पोटात ठेवला. त्यातून रतन झाली.

रतन झाली आणि पोपटने बायकोचा हात पोरीच्या डोक्यावर ठेवून शपथ घातली, की हे कुठे बोलायचं नाही. तो वागळे इस्टेटमध्ये फिटर होता, चार बुकं शिकलेला. पण त्याला एकच भीती खात होती. नवऱ्यात दोष होता हे कळलं, की लोक विचारणार, मग पोर कुणाची? त्यापेक्षा उपासांची गोष्ट बरी, त्यात कुणाचं काय वाईट होतंय, असं तो म्हणे. वाईट कुणाचं होत होतं, ते त्या सकाळी दारातच उभं होतं.

शेवंतीने सगळे उपास केले होते. अंगारा खाल्ला, झाडपाल्याचे काढे प्यायली, बाजारात टोपली डोक्यावर असताना चक्कर येऊन पडली. आता तिच्या अंगावर चोळी लोंबत होती. कांताला पोर झाली आणि हिला होत नाही, म्हणजे हिच्यातच काही पाप आहे, असं आता सगळी आळी बोलत होती.

"दुपारी जमात बसनार हाय," दगडाबाई म्हणाली. "काडीमोड घेऊन माज्या नामाचा दुसरा लगीन कराचा. तुज्या पोपटला सांग, त्याने येऊन येवढाच बोलाचा, का कांताने हेच उपास केले नि तिला पोर झाला. मंग कोन आमाला बोल लावनार नाय."

कांताने हातातला जवळा खाली टाकला. "नामाची तपासनी केली का कवा?"

"माज्या पोराला काय धाड भरलीय?" दगडाबाई म्हणाली.

कांताने अंगणात खेळणाऱ्या रतनला पुढे केलं, ते सवयीने. शेवंतीने हात पुढे केले नाहीत. "नको," ती हळूच म्हणाली. "मागं घेतलेली." आणि ती सासूच्या मागोमाग निघून गेली.

पोपट आत दाढी करत होता. त्याने सगळं ऐकलं होतं.

"मी जाईन, हो म्हनेन, येईन," तो आरशात बघत म्हणाला. "उपास तू केलेलेच ना? खोटं काय त्यात?"

"शेवंती टिटवाळ्याला भावाच्या दारात जाऊन पडेल. भावजय तिला दोन दिस ठेवनार नाय."

"आनि रतनचं काय? उद्या शाळेत पोरं तिला काय म्हनतील, त्याचा विचार केलायस?"

त्याची भीती खोटी नव्हती, हेच तर अवघड होतं. स्वयंपाकघरातून आवडाबाई म्हणाली, "शपथ हाय तुला, सूनबाय." त्या दुपारी त्या घरात भात शिजला, पण पोटभर कुणी जेवलं नाही.

जमात देवळाच्या मंडपात बसली. पुरुष सतरंजीवर, बायका पायऱ्यांवर. पंच होते गोमाजीबाबा. माणूस वाईट नव्हता, पण बापाच्या काळापासून जे चालत आलं ते मोडायचा त्यांना कंटाळा होता. नामा मान खाली घालून बसला होता. बायकोला सोडायची त्याला हौस नव्हती, आणि आईपुढे तोंड उघडायची हिंमतही नव्हती. असे नामा आपल्या गावोगावी आहेत, सुशिक्षित घरांतही आहेत.

"पोपट," गोमाजीबाबांनी विचारलं, "तुज्या बायकोने हेच उपास केलेले?"

"हो."

"नि पोर झाला?"

"झाली."

"मंग शेवंतीला का होत नाय, ते उघड हाय," असं म्हणून गोमाजीबाबा दगडाबाईकडे वळले. मागची माणसं उठायलाही लागली. एका बाईचा संसार मोडायला एवढा वेळ पुरला.

पायऱ्यांवर कांता उभी राहिली. रतन तिच्या कडेवर होती. तिला राग आला होता, नवऱ्याचा आणि स्वतःचासुद्धा.

"मना शपथ हाय, मी काय बोलनार नाय," ती म्हणाली. "मी काय केला ते यांनी सांगला. आता यांनी काय केला, ते पन यांनीच सांगावा."

आवडाबाईने सुनेचा पदर खाली ओढला, पण कांता बसली नाही. पोपटचा चेहरा उतरला. सगळे आपल्याकडे बघताहेत हे त्याला कळत होतं. त्याने एकदा शेवंतीकडे पाहिलं. ती त्याच्याकडे बघतही नव्हती. तिला कुणाकडून कसलीच आशा उरली नव्हती, आणि ते मात्र पोपटला सोसलं नाही.

"उपासानं काय झालं नाय," तो उठून म्हणाला. "दोष माज्यात होता. वाट बंद होती. डॉक्टरने सुई घालून माज्या अंगातून बीज काढलं, तवा रतन झाली. कांतात काय दोष नव्हता. आमी लोकांना खोटं सांगितलं. आनि त्या खोट्यापायी ही शेवंती उपाशी मरतेय."

मागून कुणीतरी हसलं. "मंग पोर तुजाच, कशावरनं?"

हाच तो प्रश्न. दोन वर्षं तो ज्याला भीत आला होता. पोपट मागे वळला. विचारणारा त्याच्याच नात्यातला, दामाजी.

"माजीच हाय, दामाजी. माज्याच अंगातलं बीज. तुला पटत नसेल तर नको पटू दे. तिचा बाप मी हाय."

दामाजी दुसरीकडे बघू लागला. गोमाजीबाबांनी बराच वेळ दाढी खाजवली, मग ते म्हणाले, "आज काडीमोड नाय. आधी दोघांची तपासनी होऊ दे."

"करू की," दगडाबाई तोऱ्यात म्हणाली. "आधी शेवंतीची करू."

तेव्हा शेवंती जमातीत पहिल्यांदा बोलली. "माजी दोनदा झाली, आत्याबाय. कल्याणच्या डॉक्टरने सांगलेला, काय दोष नाय. तुमीच बोललाव, कुनाला सांगू नको. आता यांची."

साऱ्या मंडपाने दगडाबाईकडे पाहिलं. नामाने मान वर केली, आईकडे पाहिलं, मग बायकोकडे. "मना माहीत नव्हता," तो म्हणाला. शेवंती उठून पायऱ्या उतरू लागली. ते बरंच केलं.

घरी परतताना टपरीवरची माणसं पोपटला बघून गप्प झाली. उद्यापासून त्याला काय काय नावं ठेवली जाणार, हे त्याला ठाऊक होतं. आवडाबाई पुढे निघून गेली होती, मागे वळूनही न बघता.

"उद्या नामाबरोबर मी जाईन," पोपट म्हणाला. "एकटा गेला तर दवाखान्याच्या दारातनं परत येईल तो. मी दोनदा तसाच परत आलेलो, तुला सांगितलं नव्हतं."

कांताने त्याच्याकडे पाहिलं. "आनि रतनला कोन सांगनार?"

पोपटने मुलीला तिच्या कडेवरून आपल्याकडे घेतलं.

"तिला दुसऱ्या कुनी सांगायच्या आधी मी सांगेन," तो म्हणाला.