एका दिवसाची निलगिरी

मलकापुरात मोतीराम नारखेड्यांचं लाकडाचं दुकान होतं. बल्ली, फळी, दाराची चौकट, हवं ते तिथं मिळे. फक्त ते आलं कुठून हे विचारायचं नाही. कोणी विचारलंच तर मोतीराम गोड हसून म्हणत, "झाडातून."

त्या मे महिन्यात वादळ आलं आणि बीबीकडच्या एका वस्तीवरची साठेक घरं उघडी पडली. पत्रे उडाले, जुन्या बल्ल्या, म्हणजे घराचे लाकडी खांब, कडाकडा मोडल्या. पावसाच्या आत घरं उभी करायची असं एका संस्थेनं मनावर घेतलं आणि निलगिरीच्या सहाशे बल्ल्या मागवल्या. अट एकच होती. जंगलातलं लाकूड नको, शेतात लावलेलं हवं. तेही दलालाकडून नाही, लावणाऱ्याच्याच हातून घेणार, आणि तोडल्यावर तिथं पुन्हा झाड वाढतंय हे डोळ्यांनी पाहणार.

अर्जात एक रकाना होता: लागवड कोणाची? मोतीरामनं पापणी न हलवता लिहिलं, "स्वतःची." त्यांची स्वतःची लागवड म्हणजे गच्चीवरची एक तुळस आणि एक कोरफड. त्यांनाही पाणी बायकोच घाले.

तीन दिवसांनी फोन आला. संस्थेच्या इंजिनिअर निवेदिता मॅडम गुरुवारी लागवड पाहायला येणार होत्या.

कोणाची लागवड दाखवायची, याचा हिशेब मोतीराम करत बसले. मग त्यांना देऊळघाटच्या बेबीताई हिवाळे आठवल्या. बरड जमिनीवर या बाईनं चार एकर निलगिरी उभी केली होती. दोन वर्षांमागं मोतीराम ती पाहायला गेले होते आणि भाव पाडायचा म्हणून नाक मुरडून बोलले होते, "हे तं सरपन हाये, बाई." बेबीताईंनी तेव्हा चहा पाजून त्यांना वाटेला लावलं होतं.

बुधवारी मोतीराम मोटारसायकल काढून राजूरचा घाट चढले आणि थेट शेतावर पोचले. बेबीताई झाडाखाली बांबूच्या मोडक्या पाटीला नवं बूड बांधत बसल्या होत्या.

"ताई, एक काम होतं. उद्या एक दिवस हे वावर माह्यं हाये असं म्हना."

बेबीताईंनी हातातलं काम थांबवलं नाही. "काऊन?"

मोतीरामनं सगळं सांगितलं. माल तुमचाच घेईन, चांगल्या भावानं घेईन, फक्त मॅडमसमोर मालक मी, असंही सांगितलं.

"मंग मी कोन?"

"तुम्ही माह्या कामावर हाये, असं सांगू."

बेबीताईंनी वर पाहिलं. त्यांची मान जरा डावीकडं कलायची, त्यामुळं त्या कायम काहीतरी तोलून पाहताहेत असं वाटे. "हाव," त्या म्हणाल्या. "करू की."

इतक्या सहज त्या हो म्हणाल्या याची मोतीरामला धास्ती वाटायला हवी होती. पण ते शीळ घालत घाट उतरले.

गुरुवारी मोतीराम पांढरा सदरा घालून आधीच हजर झाले. निवेदिता मॅडम जीपमधून उतरल्या, आणि झाडाखाली झोपलेलं पिवळं कुत्रं उठलं. मॅडमजवळ जाऊन त्यानं शेपूट हलवलं आणि मोतीरामकडं वळून असं काही भुंकलं की ते दोन पावलं मागं सरले.

"कुत्रं कुणाचं?" मॅडमनी विचारलं.

"माह्यंच," मोतीराम म्हणाले. कुत्र्यानं त्यांच्या पँटची मोहरी धरली.

"मालक लई दिवसानं आले, म्हनून लाड करून राह्यलं," बेबीताई पदर सावरत म्हणाल्या. मग त्यांनी दगड उचलायचं नुसतं नाटक केलं, तसं ते गुपचूप बसलं.

मॅडम झाडांच्या ओळीतून चालू लागल्या. एका बाजूला मागं तोडलेल्या झाडांचे खुंट होते आणि त्यांतून माणसाच्या उंचीचे कोवळे फुटवे वर आले होते. मॅडमचा चेहरा खुलला. "वा! एका खुंटावर किती फुटवे ठेवता तुम्ही?"

मोतीरामनं हळूच बेबीताईंकडं पाहिलं. त्यांनी दोन्ही हातांची दहा बोटं पसरून केस नीट केले.

"दहा," मोतीराम ठासून म्हणाले.

"दहा?" मॅडम थबकल्या. "मग जाड बल्ली कशी होईल? इथं तर प्रत्येक खुंटावर दोनच दिसतात."

"दहातले आठ... बकऱ्या खातात."

"आमचे मालक मोठ्या मनाचे हायेत," बेबीताई म्हणाल्या. "बकऱ्याच्या वाट्याचंही धरतात."

मॅडमनी ओठ दाबले आणि वहीत काहीतरी लिहिलं. मोतीरामच्या सदऱ्याच्या पाठीवर घामाचा नकाशा उमटायला लागला. पुढं दोन ताज्या तोडलेल्या बल्ल्या पडल्या होत्या. साल ओली असतानाच काढतात ना, असं मॅडमनी विचारलं. बेबीताईंनी लगेच मोतीरामच्या हातात कोयता दिला. "दाखवा ना मालक. तुमच्यासारखी साल कोनाले निघते?"

मोतीराम बल्लीवर वाकले. पहिल्या फटक्याला कोयता लाकडात रुतून बसला. दुसऱ्याला तो निघाला आणि मोतीरामच मागं बसले. पांढऱ्या सदऱ्यावर तांबूस चीक उडाला. तळहाताएवढी साल निघायला पाऊण घटका गेली. बेबीताई मात्र शेजारी उभ्या राहून कौतुकानं मान डोलवत होत्या.

"झाडं लहान असताना पाणी कसं दिलं?" मॅडमनी विचारलं. "इथं विहीर दिसत नाही."

मोतीरामनं तोंड उघडलं, पण बेबीताईच बोलल्या. "मालकानं डोक्यावर हंडे आनले, मॅडम. खालच्या नाल्यातून. दोन उन्हाळे. एकेका रोपाले तांब्या-तांब्या. लोक म्हने, बरडावर झाड लावते, येडी... येडा हाये हा. पन तो आनत राह्यला. त्या ओझ्यानंच मान धरली. डॉक्टर झाले, मालीश झालं, अजून सरळ होत नाही."

मॅडमनी मोतीरामच्या मानेकडं पाहिलं. मान चांगली ताठ होती.

मोतीरामनं बेबीताईंच्या मानेकडं पाहिलं, आणि त्यांच्या हातातला कोयता खाली आला.

बाई अजून हसत होती. तिला मजा येत होती, यात शंका नव्हती. पण हे सरपण आहे असं आपण कुठं उभं राहून म्हणालो होतो, ते मोतीरामला नेमकं आठवलं, आणि कानाच्या पाळ्या गरम झाल्या.

मॅडमनी पिशवीतून कागद काढला. "इथं मालक म्हणून सही करा. दर तोडीनंतर खुंट राखायची हमी आहे. सोबत सातबारा जोडा."

"करा मालक," बेबीताईंनी पेन पुढं केलं. आवाजात अर्धा किलो साखर.

मोतीरामनं पेन घेतलं, कागदाकडं पाहिलं आणि पेन परत दिलं. "मॅडम, वावर माह्यं नाही. झाडं माह्यी नाहीत. कुत्रंबी माह्यं नाही. सगळं या बाईचं हाये. मले झाडाचं काही समजत नाही, मी फक्त इकतो."

मॅडमनी कागद परत घेतला. मग निवेदिता मॅडम म्हणाल्या, "ते दहा फुटवे म्हणालात तेव्हाच कळलं होतं मला. कुठवर जाता ते पाहत होते." त्यांनी अर्जावरचं मोतीरामचं नाव जोरात खोडलं; त्या काही हसल्या नाहीत. "बेबीताई, बल्ल्या तुम्ही द्याल?"

"देईन. एकाआड एक ओळ तोडीन, सगळं वावर उघडं नाही करनार. पन गाडी नाही माह्याजवळ, आरीवालेही नाहीत. यायलेच ठेवा. खोटं बोलतात भाऊ, पन गाडी चांगली हाये त्यायची."

मॅडम तयार नव्हत्या. बेबीताई हटल्या नाहीत. शेवटी ठरलं की माल बेबीताईंचा, मोतीराम नुसते वाहणारे, आणि तोड होईतो त्यांनी रोज स्वतः शेतावर हजर राहायचं.

दहा दिवस मोतीराम राहिले. खुंट जमिनीलगत तिरपा कापला की पाणी साचत नाही, हे ते शिकले. एकदा आरीवाल्यानं खुंट उंच ठेवला, तेव्हा त्याच्यावर असे खेकसले की बेबीताईंनी वळून पाहिलं. साल काढायला मात्र त्यांना पुन्हा कोणी बसवलं नाही.

शेवटची खेप घेऊन ते स्वतः गाडीबरोबर बीबीकडं गेले. वस्तीवर ताडपत्र्यांखाली संसार मांडलेले होते. अंबूबाई नावाच्या म्हातारीच्या जागेवर माणसं कमी होती, म्हणून मोतीरामनं सदऱ्याच्या बाह्या वर केल्या आणि खड्डे खणायला हात लावला. सहा खड्डे झाले, सहा बल्ल्या उभ्या राहिल्या, माती ठोकून घट्ट बसली. अंबूबाई काठी टेकत आली, चौफेर फिरली आणि म्हणाली, "दार इकडं नको बाप्पा. इकडून माह्या जावेचं तोंड दिसते."

"आजी, आता बल्ल्या बसल्या ना!"

"मंग उठवा."

मोतीरामनं मिस्त्रीकडं पाहिलं. मिस्त्री आभाळाकडं पाहायला लागला.

"कोनत्या बाजूनं पाह्यजे?" मोतीरामनं विचारलं.

"तिकडून. हवा येते. अन् हे पाह्य, खड्डा जरा खोल घे. मागच्या वेळी वरच्यावरच घेतलते."

मोतीरामनं पहार उचलली.