उंच हँडल की बसकं

ते एकाहत्तर साल होतं. लग्न होऊन मला दुसरं वर्ष लागलं होतं आणि घरात कुणाचा हात कधी उठेल याचा अंदाज यायला लागला होता. सासऱ्यांचा हात उठायच्या आधी त्यांचा उजवा खांदा किंचित मागे जायचा. तेवढं दिसलं की मी भांडी घेऊन मोरीत शिरायची.

सासरे मोटारसायकलींचे मिस्त्री. पुढे पत्र्याच्या छपराचं वर्कशॉप, मागे आमच्या खोल्या. गिऱ्हाइकाशी लोणी, घरात लोखंड. दोन्ही मुलगे त्यांच्या हाताखाली काम शिकले. म्हणजे पाना, चेन, हाताला येईल त्याचा मार खात शिकले. मुलगे आपसात भांडले तर ते सोडवायचे नाहीत. वर्कशॉपचं दार आतून लावायचे, स्टुलावर बसायचे आणि म्हणायचे, "लावा निकाल." एकाच्या तोंडून 'बस' निघेपर्यंत दार उघडत नसे. या घराची रीतच होती ती.

कोपऱ्यात त्यांची स्वतःची गाडी उभी असायची. इंग्लिश, बावन्न सालची, काळी. "कंपनीच्या बंद खोक्यातून, कोरी काढलीय मी हिला. पेंढा या हातांनी उपसलाय," हे आल्यागेल्याला ऐकवून व्हायचं. त्या वर्षी त्यांचे गुडघे गेले, किक मारवेना. तेव्हा त्यांनी जाहीर केलं, "खोक्यातून निघाली तशी हुबेहूब जो उभी करील, गाडी त्याची."

आमच्या ह्यांना ती वर्कशॉपची शान म्हणून हवी होती. भाऊजींना ती निघून जायला हवी होती. एकदा ओट्याशी उभ्याने चहा पिताना ते मला म्हणाले, "वहिनी, परगावी काम बघून ठेवलंय. पायी गेलो तर म्हातारा म्हणेल, पळाला. तिच्यावर बसून गेलो तर मी माझं घेऊन गेलो."

"आणि नाही मिळाली तर?"

"तर जन्मभर तुमच्या हातचा चहा. तो काय कमी छळ आहे?"

इंजिन, चाकं, दिवे, सगळं दोघांच्या मताने जुळलं. अडलं ते हँडलवर. गाडीला होतं ते मागाहून कधीतरी बसवलेलं, कुणीही सांगितलं असतं. ह्यांनी शोधून एक उंच हँडल आणलं, कंपनीच्या त्या सालच्या चित्रात होतं अगदी तसं. भाऊजींनी टाकीचा रंग खरवडला. पुट्टीखाली दोन्ही बाजूंना एकेक पोचा निघाला. त्यांनी एक बसकं हँडल आणून न आवळता बसवलं, या टोकापासून त्या टोकापर्यंत वळवलं, आणि दोन्हीकडे हँडल बरोबर त्या पोच्यात जाऊन टेकलं.

"उंच हँडल टाकीला शिवेल तरी का, दादा? चित्र बघून गाडी जुळवतोस. टाकी काय म्हणते ते बघ."

"टाकीला वाचा फुटली वाटतं."

"तुझ्यापेक्षा बरं बोलते ती."

भाऊजी स्टुलाकडे वळले. "अण्णा, तुम्ही खोक्यातून काढलीत. तुम्हीच सांगा. उंच की बसकं?"

सासऱ्यांनी पोच्यांकडे पाहिलं. मग म्हणाले, "थोरल्या, दार लाव."

मी आणि सासूबाई आतल्या उंबऱ्यावर होतो. आधीही मारामाऱ्या पाहिल्या होत्या, पण त्या रिकाम्या हाताच्या. या वेळी दोघांनी आपापलं हँडल उचललं होतं, इंचभर जाडीचा पोलादी नळ. भाऊजींनी पहिला वार ह्यांच्या बरगडीवर केला. ह्यांचा श्वास शिट्टीसारखा वाजला. ह्यांनी उलट हाणला तो कानशिलावर. रक्त मानेवरून बनियनमध्ये उतरलं. ऑइलचा डबा कलंडला, दोघं त्यात घसरले, गुडघ्यावर आले, तरी हाणतच होते.

"बस म्हण, धाकट्या," हे म्हणत होते. "म्हण आणि सुट."

भाऊजींनी वार अडवायला उजवा हात वर केला. मनगट मोडल्याचा आवाज मला उंबऱ्यावर ऐकू आला. वाळकी फांदी गुडघ्यावर मोडावी तसा. त्यांच्या तोंडून 'बस' निघालं नाही. ह्यांनी पुन्हा हँडल उचललं. सासरे स्टुलावर स्वस्थ.

सासूबाई कधी पुढे गेल्या मला कळलं नाही. आयुष्यभर तोंड दाबून बुक्क्यांचा मार खाल्लेली बाई ती. ह्यांच्या समोर, स्टुलापाशीच जाऊन उभी राहिली.

"ही गाडी खोक्यातून आलीच नाही," त्या म्हणाल्या. "आधीच्या मालकाने आपटलेली होती, चेपलेली. धाकट्याला मांडीवर घेऊन मागे बसून आले मी हिच्यावरून. थोरल्या, तू टाकीवर बसला होतास आणि पोचा टोचतोय म्हणून रडत होतास. कंपनीने उंच लावलं असेल, त्या माणसाने बसकं. तुम्ही दोघंही खरे. आणि हे तुमच्या बापाला पहिल्यापासून ठाऊक आहे. अहो, खोट्या पेंढ्यापायी पोरं एकमेकांना मारायला लावलीत."

सासऱ्यांचा खांदा मागे गेला. मी ओरडायच्या आत हात पडला. सासूबाईंचं कपाळ कामाच्या टेबलावरच्या लोखंडी व्हाइसच्या कोपऱ्यावर आपटलं आणि त्या टेबलाखाली पडल्या.

मग ह्यांनी त्याच हँडलने बापाच्या तोंडावर वार केला. एकच. दात फरशीवर सांडले. सासरे स्टुलासकट मागे गेले. ह्यांनी पुन्हा हात वर नेला तेव्हा भाऊजींनी डाव्या हाताने तो धरला आणि म्हणाले, "बस." मी दाराची कडी काढली.

भाऊजी त्या संध्याकाळी, हात गळ्यात बांधून, पायीच गेले. पळाला असं म्हणायला बापाचं तोंड चालत नव्हतं.

मनगट वाकडंच जुळलं. दोन महिन्यांनी ह्यांनी गाडी मालट्रकमध्ये घालून भाऊजींना पाठवून दिली, सोबत दोन्ही हँडलं. बसक्यावर सगळा भार मनगटावर येतो, तो त्यांना सोसेना. म्हणून त्यांनी ते उंचच बसवलं आणि म्हातारपणापर्यंत चालवलं. त्यांची मुलगी अजून मला फोन करते.

सासऱ्यांचा जबडा पुन्हा नीट मिटला नाही. सहा वर्षं पातळ खाऊन जगले. सासूबाई चमच्याने भरवायच्या, हनुवटी पुसायच्या, आणि एका शब्दानेही बोलायच्या नाहीत. कपाळावरची खूण त्यांनी कधी पदराने झाकली नाही. ते गेल्यावर त्या भाऊजींकडे राहायला गेल्या आणि तिथेच वारल्या.

ह्यांनी वर्कशॉप चालवलं. दाराची आतली कडी मी उपटून टाकली, ती त्यांनी पुन्हा लावली नाही. माझ्यावर किंवा मुलांवर त्यांनी कधी हात उचलला नाही. राग आला की दोन्ही हात पाठीमागे धरून उभे राहायचे, बोटं पांढरी पडेपर्यंत. मुलांना वाटायचं, बाबांची उभं राहायची तऱ्हाच तशी आहे.